सव्वीस, अठ्ठेचाळीस

‘आता या वयात काय शिकायचं?’ असं आमच्या घरात कुणी बाईमाणूस म्हणालं, की माजघरातून, न्हाणीच्या दारातून, कधी विहिरीवरून उत्तर यायचं, “सव्वीस!” म्हणणारी वयानं थोराड असली तर “अठ्ठेचाळीस!” एवढंच. पुढे कुणी काही बोलत नसे आणि बोलण्याची गरजही नसे. नवी सून आली की तिला पहिल्या महिन्याभरात तुळशीची पाळी, दुधाचा रतीब आणि हे दोन आकडे समजावून सांगितले जात.

आकडे पार्वतीबाई आठवल्यांचे. देवरुखच्या जोश्यांची ही मुलगी, जन्म १८७०चा, माहेरचं नाव कृष्णा. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा. सव्विसाव्या वर्षी तिनं शिकायला सुरुवात केली आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १९१८ साली, इंग्रजी शिकण्यासाठी एकटी अमेरिकेला गेली. देवरुख आमच्या रत्नागिरीहून एसटीनं दीड-दोन तासांवर. त्यामुळे आम्हां मुलींना पार्वतीबाई इतिहासातल्या कधी वाटल्याच नाहीत. सह्याद्रीच्या पायथ्याच्या, ओळखीच्या आडनावाच्या, आपल्यासारखंच अनुनासिक बोलत असतील अशा एक थोरल्या नातलग वाटत.

हे आकडे घरात आणले माईनं. माई म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. नात्यानं आमची आत्याआजी, पण अख्खी आळी तिला माईच म्हणे. तिचा जन्म १९०२चा. तेराव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी परत आली. आजोबा तेव्हा नुकते कारकून झाले होते. त्यांनी तिचं केशवपन होऊ दिलं नाही आणि चार वर्षांनी, १९१९च्या उन्हाळ्यात, आगोटीच्या आधी तिला घेऊन बोटीत बसले. त्या काळी बोट किनाऱ्याला लागत नसे. ती लांब पाण्यात उभी राही आणि बंदरातून पडावात बसून तिच्यापर्यंत जावं लागे. पडाव लाटेवर खाली-वर होत असताना वर चढायचं. माई सांगे, “दादानं ट्रंक आधी वर फेकली, मग मला म्हणाला, आता परत फिरलीस तर लुगड्यांशिवाय फिरशील.” मुंबईहून रेल्वेनं पुणं आणि तिथून हिंगणं, धोंडो केशव कर्व्यांच्या आश्रमात शिकायला.

आजोबांना ही हिंमत कुठून आली असेल, हे आम्हांला बरंच उशिरा उमगलं. तीस वर्षांपूर्वी अगदी हेच एका दुसऱ्या भावानं केलेलं होतं. पार्वतीबाईंची थोरली बहीण गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. सासरी नातूंच्या घरी तिनं वर्षानुवर्षं राबून काढली. तिचा भाऊ नरहरपंत जोशी मुंबईत होता, धोंडो केशव कर्व्यांचा स्नेही. त्यानं बहिणीला मुंबईला नेलं आणि पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन उघडलं तेव्हा तिला तिथं घातलं. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी ती. पुढे बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ला, तिनं कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई, म्हणजे सगळ्यांची बाया कर्वे झाली. कर्व्यांच्या गावकऱ्यांनी, मुरुडकरांनी, ठराव करून त्यांना वाळीत टाकलं. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू केलं. बहिणीच्या मागोमाग पार्वतीबाई तिकडे गेल्या. पुनर्विवाह केलेल्या बहिणीच्या दाराशी जाणं तेव्हा साधं नव्हतं. त्या दाराशी गेलेलीला इतर सगळी दारं बंद होण्याची भीती होती.

मला या दोघी बहिणींच्या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतो तो नरहरपंत. पुस्तकांत त्याच्या वाट्याला फार ओळी येत नाहीत. पण एका भावानं एका बहिणीचा हात धरला, त्या बहिणीमुळे दुसरी आली आणि त्या दुसरीच्या मागून आलेल्या मुलींची मोजदाद कोण करणार? आमच्या घरातली एक मुलगी त्यांत होती.

माई हिंगण्याला पोचली तेव्हा पार्वतीबाई तिथं नव्हत्या. त्या अमेरिकेत होत्या. आश्रमात सगळीकडे त्यांचंच बोलणं. इकडे इंग्रजी शिकण्याचे प्रयत्न तडीस जाईनात म्हणून तिकडे गेल्यात, तिथं लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरतात आणि भाषा शिकतात, हे ऐकून सतरा वर्षांच्या माईला काय वाटलं असेल? ती एवढंच सांगे की, “आश्रमाची एवढी मोठी बाई परक्या देशात भांडी घासते, हे ऐकल्यावर मला अंकगणिताची भीती वाटेनाशी झाली.” पार्वतीबाई १९२० साली परतल्या. माईनं त्यांना पाहिलं, त्यांचं बोलणं ऐकलं, पण जवळीक झाली असं तिनं कधी सांगितलं नाही. आमच्यापैकी कुणी खोदून विचारलं की ती उठून कपाटातून ‘माझी कहाणी’ काढी आणि हातात देई. १९२८ साली आलेलं हे पार्वतीबाईंचं आत्मचरित्र. दोन वर्षांत जस्टिन ॲबट यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि ते अमेरिकेत छापून निघालं. इंग्रजी शिकायला गेलेल्या बाईची कहाणी इंग्रजीत पोचली, याचं माईला फार अप्रूप होतं.

आम्ही चुलत-मावस मिळून सात जणी त्या घरात वाढलो. खालच्या आळीतलं जांभ्याचं घर, पुढे खळं, मागे विहीर आणि पोफळी. उजवीकडची पडवी माईची. संध्याकाळी दिवेलागण झाली की तिथं आम्ही सात आणि आळीतल्या पाच-सहा अशा बाराएक मुली जमत. माई शिकवणी घेत नसे, पैसे तर नाहीच नाही. परवचा झाला की वर्तमानपत्रातला एक परिच्छेद प्रत्येकीनं मोठ्यानं वाचायचा. मग कामाच्या गोष्टी. मनीऑर्डरचा फॉर्म कसा भरायचा, पोस्टाचं पासबुक कसं वाचायचं, एसटीच्या वेळापत्रकात रात्रीची गाडी कशी शोधायची, सरकारी कागदावर सही करण्याआधी काय काय पाहायचं. नववीत असताना माझी दोन कामं ठरलेली होती. महिन्यातून एकदा नगर वाचनालयात एकटीनं जाऊन पुस्तक बदलून आणायचं आणि ग्रंथपालाला निदान एक प्रश्न विचारायचा. १८२८ साली स्थापन झालेलं ते वाचनालय, उंच कपाटं, खाली मान घालून वाचणारे पुरुष. पहिल्यांदा गेले तेव्हा प्रश्न विचारायला आवाजच फुटला नाही. घरी आल्यावर माई रागावली नाही. “उद्या परत जा,” म्हणाली.

ती शाळेची मुख्याध्यापिका कशी झाली हे आम्हांला आईकडून कळलं. हिंगण्याचं शिक्षण आणि पुढचं ट्रेनिंग संपवून माई रत्नागिरीत मुलींच्या शाळेत लागली. दहा-बारा वर्षांनी मोठ्या बाईंची जागा रिकामी झाली. सगळ्यांत जुनी आणि शिकलेली माईच. पण ‘शाळेच्या मंगलकार्यांना पुढे कोण उभं राहणार?’ असा प्रश्न चालकांपैकी काहींनी काढला. सहा महिने जागा तशीच राहिली. काम सगळं माई करी, खुर्ची मोकळी. या सहा महिन्यांबद्दल ती आयुष्यभर एक शब्द बोलली नाही. शेवटी दिपोटी, म्हणजे शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर, तपासणीला आले. त्यांनी वर्ग पाहिले, मस्टर पाहिलं आणि शेरेबुकात लिहिलं की शाळेला मुख्याध्यापिका आहेच, तिची नेमणूक तेवढी कागदावर व्हावी. ते वाक्य आजोबांनी पाठ केलं होतं. आल्या-गेल्याला ऐकवत.

जागा मिळाल्यावर तिनं पहिलं काय केलं? शाळेमागे चिऱ्याचा आडोसा घालून मुलींसाठी संडास बांधून घेतला. त्या काळी पाचवी-सहावीत मुली गळत. सगळे म्हणत, आईबाप लग्नाच्या घाईला लागतात म्हणून. माईनं दोन वर्षांचं हजेरीपुस्तक समोर घेऊन बोटानं ओळी मोजल्या. गळण्याआधी मुली महिन्यातले ठरावीक चार दिवस गैरहजर राहत होत्या. ते चार दिवस मग आठ होत, आणि एके दिवशी नाव कमी होई. हे तिनं चालकांच्या सभेत सांगितलं. पुरुषांच्या सभेत एका विधवेनं हा विषय काढावा, याची चर्चा गावात महिनाभर चालली. आडोसा मात्र झाला. आज हे लिहिताना माझा हात थांबत नाही, पण तिचा आवाज त्या दिवशी कसा स्थिर राहिला असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते.

तिचं मोठेपण मला तिथं दिसत नाही तितकं रातांब्यांत दिसतं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मी दहा-अकरा वर्षांची असेन. मे महिना. शेजारच्या घरातल्या मुलीचं नाव सातवीनंतर काढणार असं कानावर आलं. माई तोवर निवृत्त झालेली. ती दुपारी शेजारच्या पडवीत जाऊन बसली आणि त्या मुलीच्या आईबरोबर रातांबे फोडू लागली. फळ फोडायचं, बिया एका पातेल्यात, सालं दुसऱ्यात, बोटं लालजांभळी. सालं उन्हात टाकायची, रसात बुडवायची, परत उन्हात, सात पुटं द्यायची तेव्हा कुठे आमसुलं होतात. तीन दुपारी माई शाळेबद्दल एक अक्षर बोलली नाही. पावसाची, फणसांची बोलणी झाली. चौथ्या दुपारी म्हणाली, “यंदा व्यापारी किलोनं घेतो ना गो? भाव काय देतो?” भाव गेल्या वर्षी शेराला होता तोच, यंदा किलोला. तेव्हा दशमान वजनं नुकती आली होती आणि जुनी-नवी मापं बाजारात एकत्र नांदत होती. माईनं त्या मुलीला हाक मारली. “शेर मोठा की किलो, सांग आईला.” पोरीनं खडूनं जमिनीवर मांडलं. शेर म्हणजे नऊशे तेहतीस ग्रॅम. म्हणजे जुन्याच भावात व्यापाऱ्याला प्रत्येक किलोमागे सदुसष्ट ग्रॅम फुकट. मणभर आमसुलांवर किती जातं, तेही तिनं काढलं. आई फोडता फोडता थांबली. रंगलेली बोटं तशीच वर धरून ती मुलीकडे बघत राहिली. जूनमध्ये ती मुलगी आठवीत बसली. तिच्या वडिलांशी माई या बाबतीत कधीही बोलली नाही.

“बापाशी वाद घातला तर बाप जिंकतो, नाही तर हरतो,” असं ती आईला म्हणाल्याचं मला आठवतं. “दोन्हींत पोरीचं नुकसान.”

हे ती कुठे शिकली? मला वाटतं हिंगण्याला. आश्रमासाठी वर्गणी गोळा करत पार्वतीबाई गावोगाव हिंडल्या, त्या वर्षानुवर्षं सोवळ्या विधवेच्या वेशातच. ज्या घरांत विधवांच्या शिक्षणाचं नाव काढलेलं खपत नव्हतं, त्या घरांच्या माजघरात त्यांना बसायला पाट मिळे. चाळिशी उलटल्यावर त्यांनी केशवपन सोडलं, लोकांची बोलणी खाल्ली आणि का सोडलं ते पुस्तकात स्पष्ट लिहिलं. त्यांनी सुरुवात पांडित्यानं केलेली नाही. त्यांच्याबरोबर वेणूबाई नामजोशी होत्या, काशीबाई देवधर होत्या. या बायकांनी आश्रमात शिकवणं तर केलंच, पण आजारी मुलीच्या उशाशी बसणं, कोठीचा हिशेब, रात्री दाराला कडी लावणं हेही केलं. कर्व्यांचं नाव १९५८च्या भारतरत्नानं घरोघर गेलं आणि ते योग्यच झालं. पण संस्था रोज सकाळी उठवायची कुणी, तर यांनी. माझ्या पिढीच्या बायकांनी हे पुरेसं मोठ्यानं सांगितलं नाही, याची मला खंत आहे.

आमच्या स्वतःच्या घराबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. चैत्रातलं हळदीकुंकू आमच्याकडे मोठं असे. गौर झोपाळ्यावर, पुढे कलिंगडाची कमळं, भिजवलेले हरभरे, कैरीची डाळ, पन्हं. आळीतल्या साठ-सत्तर बायका येत. त्या दिवशी माई दुपारपासून मागच्या खोलीत दार लोटून बसे. शाळेत शंभर मुलींपुढे उभी राहणारी ही बाई घरच्या ओटीवर येऊ शकत नव्हती. आणि हे लादणारं बाहेरचं कुणी नव्हतं. आमची आजीच होती, जिचं माईवाचून पान हलत नसे. आम्ही मुली खोलीत डाळ नेऊन देत असू. माई वाचत असे. मान वर करून “मीठ बरोबर पडलंय” म्हणे.

मोठी ताई मॅट्रिक झाली त्या वर्षीच्या चैत्रात आजीनं डाळ वाटली, फोडणी घातली आणि गौरीपुढे नैवेद्य ठेवण्याआधी पहिली वाटी घेऊन ती मागच्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही. आली ती माईला घेऊन. माईच्या अंगावर नेहमीचं पांढरं लुगडं. आजीनं तिला झोपाळ्याशेजारी पाटावर बसवलं आणि येणाऱ्या प्रत्येकीला म्हणाली, “आमच्या मुलीला मॅट्रिक करणारी ही. आधी हिला नमस्कार करा.” दोन बायका उंबऱ्यावरूनच परत गेल्या. बाकीच्या आत आल्या. आजीला लिहिता-वाचता जेमतेम येई. खोलीत काय बोलणं झालं ते दोघींनीही कधी सांगितलं नाही.

माईची एक वही होती. लांबट, खतावणीसारखी, लाल कापडी पाठीची. तिच्या हाताखालून गेलेल्या मुलींची त्यात नोंद. नाव, गाव, कधी आली, पुढे काय झाली. ‘फायनल’, ‘मॅट्रिक’, ‘नर्स, मिरज’, ‘मास्तरीण, राजापूर’. काही नावांपुढे ‘लग्न’ एवढंच आणि काहींपुढे काहीच नाही. त्या कोऱ्या जागा ती अधूनमधून बघत बसे. आणखी एक रकाना होता, शिकायला लागली तेव्हाचं वय. बहुतेक ठिकाणी सात, आठ, दहा. मध्येच एकोणीस. मध्येच एकतीस, ती आमची थोरली काकू. काकू आधी सही शिकली, मग वाचायला लागली आणि मग भिशीचा हिशेब ठेवू लागली. पहिल्या पानावर पहिली ओळ माईनं स्वतःची लिहिलेली नव्हती. तिथं होतं, ‘पार्वतीबाई, देवरुख. २६. ४८.’

आता ती वही मोठ्या ताईकडे आहे. गेल्या वर्षी आम्ही उरलेल्या पाच जणी रत्नागिरीत जमलो होतो. शिरगावला कर्व्यांच्या संस्थेचं मुलींचं महाविद्यालय आहे, त्या बाजूनं रिक्षानं जाताना संगणक शिकणाऱ्या मुली स्कूटीवरून घरी निघालेल्या दिसल्या. ताईनं रिक्षा थांबवायला लावली आणि काही न बोलता पाच मिनिटं बघत बसली.

वहीतली शेवटची नोंद माझ्या आईची. वय बेचाळीस. आईचं शिक्षण सातवीत सुटलं होतं. १९६८ साली ती बाहेरून मॅट्रिकला बसली आणि मार्चमध्ये इंग्रजीत गेली. ती स्वयंपाकघरात रडत बसली तेव्हा माई आत गेली. माईला तेव्हा मोतीबिंदूनं नीट दिसत नव्हतं, भिंतीला हात लावत गेली. “पार्वतीबाईंनाही इंग्रजीनंच छळलं हो,” म्हणाली. “ऑक्टोबर आहे.” त्या पावसाळ्यात रोज रात्री जेवणं झाली की दोघी पडवीत बसत. निबंधासाठी माईनं आईकडून इंग्रजीतली दहा सोपी वाक्यं करून घेतली. एका बाईचा जन्म कोकणातल्या गावात झाला. ती लहान वयात विधवा झाली. ती बहिणीकडे पुण्याला गेली. ती बोटीतून अमेरिकेला गेली. असं पुढे पुढे. निबंध कशावरही येवो, ही बाई त्यात बसवायची असं ठरलेलं.

कौलांवर पाऊस, मध्ये कंदील, आई एक वाक्य म्हणे, माई डोळे मिटून ते परत म्हणे, कुठे अडलं की थांबे. एका रात्री आजी हातातलं काम टाकून आली. भिंतीशी पाट ओढून टेकून बसली. तिला त्यातला एक शब्द कळत नव्हता. सातव्या-आठव्या वाक्याला आई अडखळली, गप्प झाली. बराच वेळ नुसता पाऊस. मग आजी म्हणाली, “थांबलीस का गो? बोटीत बसली ना ती? मग पुढे काय झालं, म्हण.”